वेल्समध्ये माउंटन बायकिंग: पाऊस थांबायची वाट बघू नका

वेल्सला सायकली घेऊन जायचं ठरलं की आपली मंडळी आधी हवामानाचं ॲप उघडतात, ढगांची रांग बघतात आणि बेत पुढच्या महिन्यावर टाकतात. पुढच्या महिन्यातही तीच रांग असते. म्हणून आधीच सांगतो, कोरड्या दिवसाची वाट बघाल तर वेल्स राहूनच जाईल. तिथल्या ट्रेल्स भर पावसात चालवता याव्यात अशाच बांधल्यात. तयारी तेवढी पावसाची हवी.

आम्ही मेअखेरच्या बँक हॉलिडेला जोडून गेलो. मी आणि पुण्याहून आलेला मेहुणा. सिंहगडाचा घाट त्याच्या पायाखालचा, त्यामुळे चढाचं त्याला काहीच वाटत नव्हतं. ब्रिस्टलकडून पूल ओलांडला की वेल्स सुरू. पुलाचा टोल डिसेंबर २०१८ मध्येच बंद झालाय. पण वस्तीतून जाताना स्पीडोमीटरवर डोळा ठेवा. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. इंग्लंडच्या ३० च्या सवयीने गेलात तर दंडाचं पत्र घरपोच येतं.

एम४ या महामार्गावरून पोर्ट टॅलबट जवळ आलं की समुद्राच्या बाजूला अवाढव्य पोलाद कारखाना दिसतो. तो आपल्या टाटांचा. २००७ मध्ये त्यांनी कोरस ही पोलाद कंपनी घेतली तेव्हापासून. तिथली शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ अखेरीस विझवली. ते बघत बघतच जंक्शन ४० ला उतरायचं आणि अवान खोऱ्यात शिरायचं. एके काळी हे सगळं कोळशाचं खोरं होतं. आता खाली जुन्या रेल्वेमार्गावर सपाट सायकलवाट, मध्ये जंगल आणि माथ्यावर पवनचक्क्या. नवख्यांनी किंवा मुलांना घेऊन आलेल्यांनी त्या सपाट वाटेपासून सुरुवात करावी, मग निळ्या ‘ब्लू स्कार’वर जावं. आम्ही लाल रंगाची ‘अ वाल’ घेतली. वीसेक किलोमीटरची असेल. आधी चढच चढ, मग डोंगराच्या कडेकडेने अरुंद उतार, एका बाजूला थेट खोरं. डोंगरात अधूनमधून उघडीबोडकी टक्कलं दिसतात. लार्चच्या झाडांवर फायटॉफ्थोरा नावाचा रोग पसरला म्हणून इथली पुष्कळ झाडं तोडावी लागली. तोड अजूनही कुठे ना कुठे चालू असते. निघण्याआधी ट्रेल बंद आहे का ते नेटवर बघा, आणि तोडकामाची पाटी दिसली तर ‘जाऊन तर बघू’ करू नका.

रंगांबद्दल एवढंच सांगतो: हिरवा, निळा, लाल, काळा या क्रमाने वाट अवघड होत जाते. आणि वेल्सचा लाल म्हणजे खरोखर लाल. आपल्या गटात जो सगळ्यात कच्चा असेल त्याच्या रंगाची वाट निवडा.

तिथून उत्तरेला जाताना ॲबरिस्टविथजवळच्या बुल्ख नान्त अर आरियानला थांबलो. ट्रेल्स इथेही छान आहेत, पण खरं आकर्षण लाल घारींचं. आपल्याकडच्या घारीचीच जातभाई, पण रंगाने तांबूस आणि शेपूट खोल दुभंगलेलं. ब्रिटनभरातून ही घार जवळजवळ संपली होती, मोजकी जोडपी काय ती मध्य वेल्समध्ये तग धरून होती. इथे तळ्याकाठी त्यांना रोज खाणं टाकतात, उन्हाळ्यात दुपारी तीनला, हिवाळ्यात दोनला. त्या वेळी डोक्यावर अक्षरशः थवे फिरतात. राइड सकाळी उरकून तळ्याशी या.

आता कोइड अ ब्रेनिन. वेळ एकाच जागेपुरता असेल तर मी हीच जागा निवडेन. डॉल्गेथ्लायच्या उत्तरेला, एरिरीच्या, म्हणजे स्नोडोनियाच्या, डोंगरांत हे जंगल आहे. खास माउंटन बायकिंगसाठी वाटा बांधायची ब्रिटनमधली सुरुवात १९९० च्या दशकात इथून झाली. दाविद डेव्हिस नावाचा वनखात्यातला माणूस त्यामागे होता. पुढे या कामासाठी त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

त्याचं काम बघायचं असेल तर उतारावर एकदा थांबा आणि सायकलवरून उतरून वाट नीट न्याहाळा. चपटे दगड आडवे पसरलेले नाहीत, उभे रोवलेत, एकाला एक घट्ट भिडवून. त्यामुळे चाकाच्या रेट्याने ते उखडत नाहीत. वाट किंचित दरीकडे कललेली आहे, पाणी आडवं निघून जातं. शिवाय उतरता उतरता मध्येच ती हातभर चढते आणि पुन्हा उतरते. मेहुण्याला वाटलं, उड्या मारायला ठेवलंय. उड्या मारता येतातच, पण मुख्य हेतू असा की वाटेवरून धावणारं पाणी त्या खळग्यात अडावं आणि कडेला फुटावं. आपल्याकडे पावसाळ्यात मळलेली पायवाट ऑगस्टपर्यंत ओढा होऊन बसते. इथे दिवसभर पिरपिर चालू होती आणि चाकाखाली चिखल म्हणावा असा नव्हताच.

पण ओला दगड तो ओला दगड. ब्रेक दगडांच्या पट्ट्याआधी मारून घ्या, पट्ट्यावर शक्यतो नको. पेडल समांतर, वजन पायांवर, नजर पुढे. झाडांची मुळं तिरकी कापू नका, सरळ काटकोनात ओलांडा. टायर मऊ रबराचे, ट्यूबलेस असले तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी.

ब्रेक पॅडचं वेगळं सांगायला हवं. ओल्या दगडाची बारीक कच डिस्कवर बसते आणि मऊ ऑरगॅनिक पॅड कानशीने घासावेत तसे खाऊन टाकते. मेहुण्याच्या भाड्याच्या सायकलला तेच पॅड होते. ‘तार्व’ या सुमारे २० किलोमीटरच्या लाल ट्रेलवर शेवटच्या टप्प्यात तो मागून ओरडला, “भावोजी, लिव्हर पार हँडलला टेकतोय!” थांबून बघतो तर पॅडवर मटेरियल म्हणून उरलंच नव्हतं, धातूला धातू घासत होता. माझ्याकडे सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीच्या टणक पॅडचा जादा जोड होता, तो योगायोगाने त्याच्या ब्रेकला बसला, म्हणून भागलं. सायकल भाड्याने घेताना पॅड कुठले आहेत ते विचारा, आणि त्याच मापाचा एक जोड खिशात असू द्या.

खाण्याचं आपलं आपण बघा. कोइड अ ब्रेनिन आणि नान्त अर आरियान या दोन्हीकडची व्हिजिटर सेंटर आणि कॅफे मार्च २०२५ अखेरीस बंद झाली. ट्रेल्स चालू आहेत, वाट चालवायला पैसे नाहीत, फक्त पार्किंगचे द्यायचे. आम्ही थेपले आणि शेंगदाण्याची चिक्की नेली होती. पावसात एनर्जी जेलपेक्षा चिक्की कधीही बरी.

जंगलात फोनला रेंज बहुधा नसतेच. मोबाइलवरून ९९९ या आपत्कालीन नंबरला एसएमएस पाठवता येतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. इंग्रजीत ‘रजिस्टर’ एवढाच शब्द ९९९ ला पाठवा आणि उत्तरात येईल तसं करा. हे घरूनच उरकून निघा. अपघात झालाच तर पोलिसांची मागणी करून मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. ती माणसं स्वयंसेवक असतात. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, कमरेला गोचीड चिकटलेत का ते तपासा, त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो.

ट्रेल सेंटर सोडून मोकळ्या डोंगरात जाणार असाल तर बाणांचे रंग लक्षात ठेवा. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, तिथे सायकल नाही. निळा बाण ब्रायडलवेचा, म्हणजे घोडेस्वारांनाही मुभा असलेल्या वाटेचा, त्यावर १९६८ च्या कायद्याने सायकलला मुभा आहे. फाटक जसं असेल तसंच सोडा, मेंढ्या सगळीकडे असतात. अर विद्वा, म्हणजे स्नोडन, सायकलने चढायचा असेल तर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात सकाळी १० ते संध्याकाळी ५ शिखराच्या ब्रायडलवेवर सायकल न नेण्याचा ऐच्छिक करार आहे. कायदा नाही, पण पाळा. पहाटे लवकर वर जाऊन दहाच्या आत खाली येणं सहज जमतं.

आणि ज्यांना चढ नकोच, फक्त उतार हवाय, त्यांच्यासाठी मर्थर टिडव्हिलचं बाइकपार्क वेल्स आणि ब्लायनाय फेस्टिनियोगच्या पाटीच्या दगडाच्या खाणींतलं आन्तुर स्टिनियोग आहे. सायकलसकट तुम्हाला गाडीतून वर नेऊन सोडतात. शनिवार-रविवारच्या जागा आधीच भरतात, तेव्हा तारीख ठरली की राहण्याच्या आधी हे बुकिंग करा.