वहिनींनी वॉर्मअपमध्ये दोनदा जांभई दिली होती

मी जळगावात एका जिमला सकाळची लेडीज बॅच घेते, आठ वर्षं होतील आता. मे महिन्यात आमच्याकडे साडेसहालाच पंख्याची हवा गरम लागते आणि दुपारी पारा ४४-४५ पर्यंत जातो, त्यामुळे सगळं सकाळीच उरकावं लागतं. ही गोष्ट आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची.

बॅचमध्ये एक शिक्षिका आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास, सगळ्या त्यांना वहिनीच म्हणतो. आखाजीला माहेरी जाऊन आल्या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला, वजन दोन किलो वाढलं, आणि मग कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला सात दिवसांचा ज्यूस डिटॉक्स सुरू केला. सकाळी दुधीचा रस, मग काकडी, गाजर-बीट, संध्याकाळी मोसंबी, मीठ पूर्ण बंद. मला काहीच सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी आल्या त्याच हसत, "ताई, अडीच किलो गेलं बघ!" आणि मी पण खूश झाले, ते कसं गेलं हे विचारलंच नाही.

वॉर्मअप करताना त्यांनी दोनदा जांभई दिली. मला वाटलं रात्री झोप नसेल झाली, उकाडाच तेवढा असतो. नंतर स्क्वॉट, नुसता वीस किलोचा बार, जो त्या एरवी आरामात करतात. तिसऱ्या सेटला बघितलं तर वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, चेहरा पांढरट, बोटं बारवर थरथरतायत. बार रॅकला लावून घेतला तेवढ्यात "अगं डोळ्यापुढे अंधार येतोय" म्हणाल्या आणि सरळ माझ्या अंगावर आल्या.

मॅटवर झोपवलं, पाय स्टेपरवर ठेवले, हात लावला तर थंडगार घाम. सफाईवाल्या मावशी पळत आल्या, "काय व्हयनं माय?" अर्ध्या मिनिटात वहिनी बोलायला लागल्या, पण उठून बसायचा प्रयत्न केला की परत चक्कर. जिममध्ये ग्लुकोमीटर असतो, शुगर निघाली ६८. बाकीच्या बायका म्हणत होत्या बॅगेत ज्यूसची बाटली आहे तीच द्या, कोणी म्हणे गटागटा पाणी पाजा. तेव्हा कुठे मला कळलं की बाई चार दिवस जेवलेलीच नाही. मी पाकिटातलं ओआरएस लिटरभर पाण्यात कालवून एकेक घोट दिलं, कारण अंगात मीठच नाही आणि वर साधं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम अजून पातळ होतं. मग रिक्षाने दवाखान्यात.

तिथे बीपी ९० बाय ६०, सोडियम १२८, जे १३५ ते १४५ असायला पाहिजे. डॉक्टरांनी पहिलं विचारलं गोळ्या कोणत्या, आणि तेव्हा कळलं की त्या बीपीची गोळी घेतात, लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. म्हणजे जेवणातलं मीठ बंद, गोळी चालू, वरून आमच्याकडची गर्मी आणि त्यात मी स्क्वॉट लावले. सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

त्या अडीच किलोबद्दल वहिनींना मी तिथेच बेडशेजारी बसून सांगितलं. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की तो साठा रिकामा होतो आणि ते पाणी निघून जातं, काटा खाली येतो पण चरबी थोडीच गेलेली असते. प्रोटीन तर रसातून वीस ग्रॅम पण होत नाही, ६८ किलोच्या बाईला पंचावन्नच्या आसपास तरी लागतं, मग व्यायाम करून स्नायू टिकणार कसे? आणि शरीर साफ करायचं काम लिव्हर आणि किडनी रात्रंदिवस करतच असतात, त्यांना त्यासाठी दुधीचा रस लागत नाही. त्यात दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो, लोकांचे जीव गेलेत त्याने, म्हणून रस काढायच्या आधी फोड जिभेला लावून बघाच, कडू लागली तर सरळ थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. कोणाला उपास धरायचाच असेल तर माझं म्हणणं एवढंच की गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्या दिवसांत मेहरूण तलावाला सावकाश चक्कर मारा, वजनं उचलू नका.

वहिनी रडल्या. भाचीचं लग्न होतं जूनमध्ये, नऊवारीत बारीक दिसायचं होतं त्यांना. मला फार वाईट वाटलं, कारण चार दिवस ही बाई रोज माझ्यासमोर व्यायाम करत होती.

तेव्हापासून दारातच विचारते, काय खाल्लं, गोळी कोणती, लघवी कशी होतेय. काहींना राग येतो, येऊ दे.

तीन आठवड्यांनी वहिनी परत आल्या. विचारायच्या आधीच म्हणाल्या, "कळण्याची अर्धी भाकरी आणि दही खाऊन आलेय." रिकाम्या बारने सुरुवात केली, आठ-आठचे दोन सेट, आणि पूर्ण वेळ मी त्यांच्या वरच्या ओठाकडे बघत होते.