फरशीवरचा नऊ फुटी बोर्ड

आमच्या ऑफिसात शिरलं की फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेली एक लांबोळी आकृती दिसते. नऊ फूट लांब, मधे जेमतेम दोन फूट रुंद. नवीन माणूस ती जपून ओलांडतो. एकदा कुरिअरवाल्या पोट्ट्यानं दबक्या आवाजात विचारलं, "इथं काही झालं होतं काय मॅडम? पोलिसांनी काढलं वाटते." तो सर्फबोर्ड आहे, समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी. आमच्याकडून सर्फ कॅम्प बुक करायचा असेल तर आधी त्यावर पालथं झोपायचं आणि मी "उठा" म्हटलं की एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं. दहा वेळा. पैशाचं बोलणं त्यानंतर.

हे ऑफिस मुळात बाबांचं. नागपूरच्या गणेशपेठेत, एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवर, त्यांचं ट्रॅव्हल्सच्या तिकिटांचं काउंटर होतं. पुणे, इंदूर, हैदराबाद, तेव्हाचं औरंगाबाद. कॉलेज सुटलं की मी तिथं बसायची, कार्बन लावून तिकिटं फाडायची आणि कोणाला खिडकीची सीट, कोणाला मागची चालत नाही, हे पाठ करायची. पुढे लोक मोबाइलवरूनच सीट निवडायला लागले आणि काउंटरवर फक्त "गाडी कुठून सुटते" विचारणारे उरले. बाबा म्हणाले, "आता तुझं तू पाहा." मी ताडोबा-पेंचच्या सफारी बुक करायला लागले. नागपूरच्या ट्रॅव्हलवाल्यानं दुसरं करायचं तरी काय?

सफारीच्या धंद्यानं मला जे शिकवलं ते पुढे समुद्रावर कामी आलं. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. गेट चुकलं तर दिवस चुकतो. आणि कितीही पैसे भरले तरी वाघ दिसेलच असं लिहून देता येत नाही. "नक्की दिसते ना जी?" या प्रश्नाला हसून उत्तर द्यायची सवय लागली. आज लोक विचारतात, "नक्की उभा राहीन ना जी?" प्रश्न तोच, फक्त वाघाच्या जागी लाट.

सर्फिंगचा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तो २०१६ साली. सफारीचं आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, एक डॉक्टर जोडपं, त्यांना बालीला जायचं होतं आणि दोन्ही मुलांना सर्फिंग शिकवायचं होतं. मी "हो, करते" म्हटलं आणि रात्री घरी बसून सर्फिंग म्हणजे काय ते पाहिलं. मग लाज वाटली. न पाहिलेलं जंगल मी कधी विकलं नव्हतं. त्यांना थांबा म्हटलं आणि एकटीच कर्नाटकात मंगळुरूजवळच्या मुल्कीला गेले. शांभवी नदी समुद्राला मिळते तिथं, शांत गाव. भारतातलं सर्फिंग जिथं आधी रुजलं त्या जागांपैकी ही एक.

पहिल्या सकाळी कोचनं पाण्यात उतरूच दिलं नाही. वाळूत बोर्डाची आकृती काढली आणि तिच्यावर उठबस करवून घेतली. आमच्या फरशीवरचा बोर्ड तिथून आला. मग कमरेइतक्या पाण्यात, लाट फुटून गेल्यावर जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो त्यात. घोट्याला दोरी, म्हणजे लीश, बांधलेली. पाठीमागून कोच ढकलतो आणि तुम्ही तोंडावर पडता. हे शंभरदा. तिसऱ्या दिवशी मी चारेक सेकंद उभी राहिले असेन. गुडघे सोलवटले होते, नाकातून खारं पाणी वाहत होतं आणि मी किनाऱ्यावर कोणी ओळखीचं दिसतं का ते शोधत होते, सांगायला.

तिथंच आणखी एक गोष्ट कळली. मला पोहता येतं असं मला वाटायचं, येत नव्हतं. तलावात चार हात मारणं वेगळं. समुद्राची ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला निघायचं, हे कोचनं सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं, अंगात नाही. नागपूरला परत आले आणि दोन उन्हाळे रोज सकाळी पोहायला गेले. डॉक्टरांच्या मुलांना बाली त्यानंतर मिळाली. तोपर्यंत मोठा बारावीला पोचला होता.

आता ज्या चुकीमुळे हा धंदा आज आहे तसा झाला, ती सांगते. २०१८ सालचा जून. विदर्भात ऊन असं की आमच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. बाकी महाराष्ट्र वह्यांना कव्हरं घालत असतो तेव्हा आमची पोरं अजून सुट्टीवर. म्हणून जूनची सहल हा आमचा हक्काचा सीझन. एका मोठ्या दलालानं श्रीलंकेतल्या वेलिगामाचं स्वस्त पॅकेज दिलं: बारा महिने सर्फिंग, नवशिक्यांसाठी उत्तम. वेलिगामाची खाडी नवशिक्यांसाठी उत्तम आहेच. तळाला वाळू, लाटा लांब आणि मऊ. मी सहा जण पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: समुद्र वेडापिसा, वारा थेट तोंडावर, कोच म्हणतो उद्या पाहू. पाच दिवसांत दीड दिवस पाण्यात गेले. परत आल्यावर मी निम्मे पैसे परत केले. त्या वर्षी दिवाळीत घराला रंग द्यायचा होता, तो राहिला.

दोष श्रीलंकेचा नव्हता. नकाशा माझ्या भिंतीवर होता, पण मी त्याकडे पाहिलं नव्हतं. हिंदी महासागरातली चांगली लाट इथली नसतेच. ती खाली, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत जन्मते आणि हजारो किलोमीटर चालत वर येते. ती किनाऱ्यापाशी कशी फुटेल हे मात्र ठरवतो तिथला वारा. नैर्ऋत्य मोसमी वारा, आपल्याला पाऊस आणून देतो तोच, श्रीलंकेच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून जमिनीकडे आपटतो आणि लाटेचा चुराडा करतो. तोच वारा बेट ओलांडून पूर्व किनाऱ्यावर पोचतो तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेला समोरून धरून उभी ठेवतो. म्हणून वेलिगामा, मिदिगामा, अहंगामा, हिक्कडुवा नोव्हेंबर ते एप्रिल. आणि पूर्वेचं अरुगम बे साधारण मे ते सप्टेंबर. एकच देश, एकच वारा, दोन उलटे हंगाम. बालीतही तसंच. मे ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत पश्चिमेकडचे कुटा, चांगू, मेदेवी. पावसाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, पूर्वेकडचे सानूर, नुसा दुआ.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न "बजेट किती" हा नाही. "सुट्टी कधी" हा आहे. दिवाळी किंवा नाताळ म्हणालात तर श्रीलंकेचा दक्षिण किनारा. जून म्हणालात तर बाली. जूनमध्ये वेलिगामाच हवं म्हणालात तर बाजूचं दुकान दाखवते. नाताळातही सांगून टाकते, की खाडीत गर्दी असते आणि दुसऱ्याचा बोर्ड डोक्यात बसू शकतो.

त्यानंतर पाहायचं ते लाटेखाली काय आहे. फोटोत हे कधीच दिसत नाही. फोटोत निळं पाणी, नारळ आणि खांद्याखाली बोर्ड धरलेला कोणीतरी असतो. मिहानमधल्या एका आयटीवाल्या पोट्ट्याला बालीतलं उलुवाटूच हवं होतं. मी म्हटलं, बाप्पा, तिथं कड्याखालच्या गुहेतून पाण्यात उतरावं लागतं आणि खाली प्रवाळ आहे, पडलास तर वाळूवर नाही, खवणीवर पडशील. "ताई, तुम्ही घाबरवून राहिल्या." त्यानं स्वतः बुक केलं. महिन्यानं पाठीवरच्या खुणा दाखवायला स्वतःच आला आणि पुढच्या वर्षी कुट्याच्या वाळूवर आमच्याकडून गेला. मालदीवचंही हेच. प्रवाळी खडक, बोटीनं लाटेपर्यंत जायचं. हनिमूनला जा म्हणते मी, शिकायला नको.

कॅम्पवाल्यांशी बोलण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं. एका कोचमागे किती शिकणारे, हे विचारते. "डिपेंड्स" असं उत्तर आलं की आठ समजायचे; आम्ही चारच्या वर जात नाही. कोच पाण्यात उतरतो की किनाऱ्यावरून शिटी वाजवतो? त्याच्याकडे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का? आठ-नऊ फुटी मऊ फोमचे बोर्ड पुरेसे आहेत की नवशिक्याच्या हाती छोटा, कडक, फोटोत बरा दिसणारा बोर्ड देतात? नव्वद किलोच्या माणसाला साठ किलोवाल्याचा बोर्ड दिला तर तो बुडत नाही, पण लाटही पकडत नाही, आणि बिचारा समजतो आपल्यातच काही कमी आहे.

आणि वेळापत्रक मागते. आठवडाभर रोज सकाळी दहाला सर्फिंग असं छापलेलं असेल तर तो कॅम्प स्वयंपाकघराच्या सोयीनं चालतो. भरती-ओहोटी रोज सरकते. सकाळी लवकर वारा पडलेला असतो. चांगला कॅम्प उद्याची वेळ आज संध्याकाळी सांगतो. दिवसाला दोन सेशन, सातही दिवस, हे वाचून आपल्या लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी खांदे वर उठत नाहीत तेव्हा कळतं. मधे एक मोकळा दिवस असलाच पाहिजे.

जेवणाचं तर विचारूच नका. इतवारीतलं एक जैन कुटुंब श्रीलंकेत तीन दिवस आनंदानं नारळाची चटणी खात होतं. चौथ्या दिवशी कळलं की त्या पोल सांबोलमध्ये उंबलकड असते, सुकवलेल्या माशाचा चुरा. वरणात, भाजीतही पडते. काकूंनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. बालीच्या सांबलमध्ये तेरासी असते, कोळंबीची आंबवलेली चटणी. आता आमच्या प्रत्येक व्हाउचरवर हे दोन्ही शब्द, तिथल्या स्वयंपाक्याला कळतील असे, "नको" म्हणून छापलेले असतात. सावजी खाणाऱ्या मंडळींना याचं काही नाही. त्यांची तक्रार फक्त तिखट कमी असल्याची.

विमाही वाचून घेते. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. आमच्या आजवरच्या गिऱ्हाइकांना सगळ्यात जास्त लागलं ते मात्र लाटेवर नाही, बालीत भाड्याच्या स्कूटरवर. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर स्कूटर घेऊ नका असं मी तीनदा सांगते. धरमपेठेत सिग्नल न पाळणाऱ्याला ते पटत नाही.

मधली वर्षं पटकन सांगते, कारण ती पुन्हा जगायची इच्छा नाही. एप्रिल २०१९ मध्ये कोलंबोत ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, त्या वर्षीची नाताळची बुकिंग गेली. मार्च २०२० मध्ये सगळंच बंद. भावानं ऑफिसातून संत्र्याच्या पेट्या घरपोच द्यायला सुरुवात केली, त्यावर भाडं निघालं. २०२२ मध्ये जरा उठतोय तोच श्रीलंकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या.

त्या काळात आम्ही भारतातल्या किनाऱ्यांकडे वळलो आणि ते बरं झालं. चेन्नईजवळचं कोवलम, महाबलीपुरम, केरळातलं वर्कला, आमची मुल्की. नागपूरहून चेन्नईला थेट गाड्या, विमानाचा खर्च नाही, पासपोर्ट नाही. एका कुटुंबानं मात्र कोवलम ऐकून केरळ एक्स्प्रेसची त्रिवेंद्रमची तिकिटं काढली. केरळातही एक कोवलम आहे! सुदैवानं निघायच्या आधी तिकीट माझ्या डोळ्यांखालून गेलं. आता पहिल्यांदाच शिकणाऱ्याला मी आधी तीन दिवस देशातल्या किनाऱ्यावर पाठवते. आवडलं तर परदेश. निम्मे लोक तिथंच थांबतात. धंद्याच्या हिशेबानं हे चूक आहे असं माझा सीए दरवर्षी सांगतो.

सगळ्यात जास्त टिकल्या त्या बायका. पस्तीस ते पन्नास वयाच्या, चार-पाच मैत्रिणींच्या टोळ्या. पहिला फोन नेहमी कपड्यांचा. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा शर्ट, आणि लेगिंग, झालं. समुद्रात सगळेच तसे असतात, ऊन लागू नये आणि बोर्ड अंगाला घासू नये म्हणून. फरशीवरच्या परीक्षेत त्या पुरुषांपेक्षा बऱ्या निघतात. पुरुष छातीच्या जोरावर उठायला पाहतात आणि पाय मागेच राहतो.

येत्या जुलैत मी अरुगम बेला जाते आहे, एकटी. ते अजून आम्ही विकत नाही, कारण मी तिथल्या पाण्यात उतरलेली नाही. दहा दिवस काउंटरवर बाबा बसतील. त्यांना दोन प्रश्न लिहून दिलेत: सुट्टी कधी, पोहता येतं का. परवा पाहिलं तर कागदाच्या तळाला त्यांनी स्वतःच्या अक्षरात तिसरा लिहून ठेवला होता: खिडकीची सीट की मागची?