तुम्ही विचारलंत म्हणून: नळाला पाणी येतं का?

तुम्ही विचारता तेच सांगोल्याची मावशी दर फोनला विचारते. "वाळवंटात राहतोस, तर नळाला पाणी येतं का रे?" येतं, चोवीस तास. टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या पोराला हे सांगताना ओशाळल्यासारखंच होतं.

मी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ राहतो. इथे वर्षाला पाऊस सात-आठ इंच. २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पाऱ्याने ११० फॅरनहाइट, म्हणजे आपले ४३ अंश, गाठले होते. तरी नळ चालू, कारण कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून पंपांनी सुमारे २,९०० फूट वर चढवून आणलंय. १९७३ला सुरू झालेलं ते काम १९९३ला संपलं. त्याआधी सॉल्ट नदी अडवली होती. रूझवेल्ट धरण १९११चं, आणि ॲरिझोना राज्य झालं १९१२ला. आधी धरण, मग राज्य!

पाट मात्र त्याहून कितीतरी जुने. होहोकाम नावाच्या इथल्या प्राचीन लोकांनी लाकडी-दगडी अवजारांनी ते खणले. साधारण १४५०च्या सुमारास त्यांच्या वस्त्या ओस पडल्या. १८६७च्या सुमारास आलेल्या गोऱ्यांनी त्याच खुणांवरून पुन्हा पाणी खेळवलं. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव गावाला पडलं ते त्यामुळेच.

मावशीला न सांगितलेला भाग गिला नदीचा. तिच्या काठचे मूळ रहिवासी अकिमेल ओओधाम, म्हणजे नदीची माणसं, वाटसरूंना गहू विकण्याइतके सुखवस्तू शेतकरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाच्या वसाहतींनी पाणी वळवलं आणि त्यांच्यावर उपासमार आली. पाण्याचा हक्क कायद्याने परत मिळाला २००४ला. इंग्रजीत त्यांना पिमा म्हणत. दुकानात 'पिमा कॉटन'चा शर्ट दिसतो ना, तो कापूस त्यांच्याच नावाचा.

इथल्या शाळांत राज्याची पाच धनं शिकवतात: तांबं, गुरं, कापूस, लिंबू-संत्री आणि हवामान. देशातलं बहुतेक तांबं आजही इथलंच, आता शेजारी चिपचे कारखाने आलेत. पण सगळ्यात जास्त पाणी पितं ते शेत. आपण दुष्काळी जिल्ह्यात ऊस लावतो, हे वाळवंटात लसूणघास लावतात. कुणी कुणाला हसायचं?

२०२१ला कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. पुढच्या वर्षी ॲरिझोनाचा वाटा सुमारे १८ टक्क्यांनी कापला, आणि पहिला फटका शेतकऱ्यांनाच.

मावशीने एकदा विचारलं होतं, "वाळवंट म्हणजे पंढरपूरला चंद्रभागेचं असतं तसंच ना?" तेव्हा हसलो होतो. परवा विमानतळाकडे जाताना सॉल्ट नदीच्या पुलावर गाडी सिग्नलला थांबली. खाली वाळू, गोटे आणि झुडपं. पाणी वरच अडवलेलं. रात्री फोन करून सांगितलं, "हो गं, तसंच."