कात्रीच्या अलीकडचं टोक

प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षी रोजच्या वापरातली एक वस्तू माणसं कशी हाताळतात, ते बघायचं होतं. वर्गात बहुतेकांनी बाटल्या आणि खुर्च्या घेतल्या. मी गोळ्यांची स्ट्रिप घेतली आणि नाशिकला पंचवटीत ओळखीच्या मेडिकलमध्ये काऊंटरच्या आत स्टूल टाकून बसले.

आतून पहिली नजरेत भरते ती कात्री. अख्खी स्ट्रिप न घेणारे खूप. कुणाला पगार होईपर्यंतच्या चारच गोळ्या हव्या असतात. कात्री चालते ती तारखेच्या विरुद्ध टोकाकडून. बॅच नंबर आणि एक्स्पायरी ज्या कडेला असते ती कड शेवटपर्यंत दुकानातच राहते, कारण उरलेला तुकडा विकताना तारीख दिसायला हवी. दुकानदाराचं बरोबरच आहे. पण आधीच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तो बिनतारखेचा तुकडा. बऱ्याच फॉइलवर नाव आधीच छापून आलेलं असतं आणि ते गोळीच्या खळग्याशी जुळवलेलं नसतं, त्यामुळे कात्री नावातूनही जाते.

दुपारी एक आजी आल्या. रुमालाच्या गाठीतून त्यांनी दोन गोळ्यांचा चंदेरी तुकडा काढला. त्यावर इंग्रजीत ‘सार्टन ४०’ एवढंच शेपूट उरलं होतं. बीपीच्या गोळ्यांत टेल्मिसार्टनही ४० मिलिग्रॅमची येते, ओल्मेसार्टनही. दुकानदार काकांनी अंदाजाने गोळी दिली नाही. आजींच्या मुलाला फोन लावून व्हॉट्सअॅपवर चिठ्ठी मागवली. हे सगळीकडे होत असेल असं मी म्हणणार नाही.

तोवर मी तो तुकडा बघत होते. एक कोपरा नखाने दाबून दुमडला होता.

“आजी, हे कशाला?”

“बीपीची आहे ना ती. शुगरची सरळ ठेवते. पहाटे उठते मी, दिवा लावला की नातू जागा होतो.”

गोळी टेल्मिसार्टन निघाली. पण काकांकडे दुसऱ्या कंपनीची होती. आजींनी खळग्यावरून अंगठा फिरवला आणि परत सरकवली.

“ही माझी नाही. माझी लांबट असते.”

“मावशी, औषध तेच आहे.”

“असेल. पण हाताला कसं कळणार?”

काकांनी पोऱ्याला शेजारच्या दुकानात पाठवून त्यांची लांबट गोळी आणवली.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, मला सांगितलं गेलं की क्यूआर कोड हा उपाय आहे. १ ऑगस्ट २०२३पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. बनावट औषध ओळखायला तो चांगलाच आहे. पण स्ट्रिपवर तो एकदाच छापला, तर कात्रीनंतर एकाच तुकड्याबरोबर जाणार, आणि पहाटेच्या अंधारात तो कोण स्कॅन करणार? परीक्षकांनी काऊंटरच्या आत एक दुपार काढावी, असं मला मनापासून वाटतं.

मी बनवलेल्या स्ट्रिपच्या नमुन्यात प्रत्येक खळग्यामागे नाव, ताकद आणि तारीख आहे, मधे फाडायची रेघ आहे. कोपरा दुमडायला मुद्दाम जागा सोडली आहे. तारीख मात्र पॅकिंगच्या मशीनवर दर बॅचला बदलते, त्यामुळे ती दहा ठिकाणी उमटवायची तर मशीनमध्येच बदल लागेल. तो खर्च कोण करेल, ते निदान विचारता तरी येतं. आकाराचं तसं नाही. तेच औषध एका कंपनीचं लांबट, दुसरीचं गोल. आजींच्या हाती पुढच्या महिन्यात तिसरीचं पडलं, तर ते त्यांच्या अंगठ्याला कसं सांगायचं, हे मला अजून स्ट्रिपवर मांडता आलेलं नाही.