सव्वा मूठ गहू, माझ्या नावाचा नसलेला

माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय मीच आहे, हे फोनवर सांगितलं तेव्हा पप्पा जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे एवढं कर्ज काढून तू स्वतःवर निबंध लिहायला गेलीस?" प्रश्न रास्त आहे. इथे लीड्सला माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनाही तोच पडतो, फक्त ते जरा घोळवून विचारतात.

स्वतःच्या अनुभवातून समाजाचा अभ्यास करायच्या या पद्धतीला ऑटोएथनोग्राफी म्हणतात. मानववंशशास्त्राची जुनी रीत अशी, की अभ्यासकानं दूरच्या लोकांत जाऊन राहायचं, वह्या भरायच्या आणि परत येऊन 'ते लोक असे असतात' असं लिहायचं. स्वतःचा राग, कंटाळा, आवडनिवड सगळं खासगी डायरीत. मालिनोव्स्की या नावाजलेल्या मानववंशशास्त्रज्ञाची तशी डायरी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापली गेली, तेव्हा तो जिथे राहिला त्या पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या माणसांवर हा गृहस्थ मनातून किती वैतागलेला असायचा ते जगाला कळलं. पुढे १९७९ मध्ये डेव्हिड हायानो यांनी आपल्याच माणसांचा अभ्यास करण्याबद्दल लेख लिहिला. हे हायानो कॅलिफोर्नियातल्या पत्त्यांच्या क्लबांत स्वतः पोकर खेळायचे आणि खेळणाऱ्यांवरच संशोधन करायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव रंगतात तेव्हा ते खान्देशात आले असते तर आमच्या गावच्या पारावरून त्यांना कुणी उठवू शकलं नसतं.

त्यानंतर कॅरोलिन एलिस आणि आर्थर बॉक्नर यांनी तर स्वतःच्या दुःखाला, आजारपणाच्या अनुभवाला अभ्यासाचं साहित्य केलं. त्यावर टीकाही झाली, की हे संशोधन कुठलं, हे रडगाणं. २००६ साली लिऑन अँडरसन यांनी सांगितलं, स्वतःबद्दल जरूर लिहा, पण दुसऱ्यांशी बोला आणि त्यातून समाजाबद्दल काही निघतंय का तेही दाखवा. मी या अँडरसनच्या पक्षातली. नुसत्या आठवणी लिहायच्या तर व्हॉट्सॲपवर गावाचा ग्रुप आहेच, तिथे रोज सकाळी कुणी ना कुणी कळण्याच्या भाकरीवरून गहिवरतं.

आणि आपल्याला हे अगदीच नवं नाही. इरावती कर्वे वारीला गेल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे लिहिताना त्यांनी स्वतःला बाहेर ठेवलं नाही, आपल्याला ते कसं खुपलं तेही लिहिलं. दलित आत्मकथनांनी तर एका माणसाच्या भुकेतून अख्खी गावगाड्याची रचना उघडी केली. तेव्हा त्यांना कुणी ऑटोएथनोग्राफी म्हटलं नाही, एवढंच.

आता माझं. पहिल्या मसुद्यात मी भरीत लिहिलं होतं. बामणोदची पांढरट-हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडजीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलेली मिरची-लसूण, वर कांद्याची पात. इथल्या काळ्या तुळतुळीत वांग्याला ओव्हनमध्ये घातलं तर कसं होतं, वगैरे. मार्गदर्शक बाईंनी समासात एकच ओळ लिहिली: "यात काम कोण करतंय?" मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. परदेशातून गाव आठवताना आपण ताटात बसतो, चुलीपाशी नाही. मग मी भरीत बाजूला ठेवून कानबाईकडे वळले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, चौरंगावर साडी नेसवून देवी. रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. नोकरीनिमित्त पांगलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येतात. आणि या सणाचा जीव असतो नैवेद्याच्या गव्हाच्या रोटांत. आमच्या घरी रोटांसाठी गहू मोजतात ते असे: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आजी सुपात मूठ टाकते आणि नाव घेते. पप्पांचं, काकांचं, माझ्या भावाचं, भाऊ पुण्यात कंपनीच्या पाळीवर असला तरी त्याचं. काकाच्या तान्ह्या नातवाचंसुद्धा. मूठ आजीची, दळण आईचं, रोट काकूचे, खीर आणि गंगाफळाची भाजी आम्हा मुलींकडे. नावं मात्र सगळी बाप्यांची.

लहानपणापासून ते सूप मी पाहत आले. ते डोळ्यांत भरलं इथे येऊन, व्हिडिओ कॉलवर, कारण फोन आईनं डब्याला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. फक्त आजीचा हात. बांगड्यांवर पीठ उडालेलं, मूठ उघडायची, गहू सुपावर सांडायचे, मग पाव मूठ वेगळी, आणि नाव. लेकी परक्या घरच्या, हे मी शंभरदा ऐकलेलं. तेच धान्याच्या मापात मोजताना पाहिलं की वेगळं लागतं.

पण इथेच थांबले असते तर ते रडगाणंच झालं असतं. म्हणून सगळ्यांना विचारलं. आजी म्हणाली, लेकीची मूठ तिच्या सासरच्या कुळात, घाई कसली. भाऊ म्हणाला, त्याला हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मला वाटतं, माझ्या सगळ्या टिपणांत सर्वांत कामाची माहिती हीच. सुरतेच्या उधन्यात राहणारा मामा मात्र बराच वेळ बोलला. तिकडे खान्देशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी जातोय. मामा कारखान्यात गुजराती बोलतो, घरी अहिराणी, आणि आमच्या पुण्याच्या पाहुण्यांसमोर एकदम पुस्तकी मराठी. कानबाई त्यानं तिकडेही बसवली आणि विसर्जन तापीत. "तीच तापी," तो म्हणाला, "फक्त आपल्याकडून वाहत येते." तेव्हा मी घराबाहेर पडलेली आमच्याकडची पहिली, हा माझा ताठा उतरला. मी विमानानं गेले, मामा भुसावळ-सुरत पॅसेंजरनं. त्याची मूठ त्याच्या घरी सुपात पडते, हा फरक.

बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक सापडलं. आईशी मी अहिराणीत बोलतेय, मध्येच काकांनी फोन घेतला की माझा सूर, शब्द, सगळं बदलतं, आणि मला ते बदललेलं कळतही नाही. हे प्रकरण मी अजून लिहितेय.

अडचण वेगळीच आहे. विद्यापीठाच्या नियमानं ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची संमती घ्यावी लागते. मी स्वतःबद्दल लिहिते, पण माझ्या 'स्वतः'मध्ये अर्धं घर बसलेलं. आजीनं फॉर्मवर सही करताना विचारलं, यानं जमीन तर नाही ना जाणार. आई म्हणाली, "तुले काय लिखनं शे ते लिख, पन घरनं भांडन नको लिखू." तिच्या या वाक्यावर मी एक अख्खं पान लिहून काढून टाकलं. ते भांडण वाटणीचं होतं आणि माझ्या मुद्द्याला फार उपयोगाचं होतं.

काकू आधी नाहीच म्हणाली. मग तिनं दोन अटी घातल्या. गावाचं नाव येता कामा नये, आणि तिचे रोट चिरत नाहीत हे लिहिलंच पाहिजे. गावाचं नाव मी काढलंय. रोट चिरत नाहीत.