कुंभार्ली घाट, मे महिना आणि "वॉल काढून टाकू, दादा"

गॅरेजवाला म्हणाला, उन्हाळा आहे, थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारी झडप) काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल, गाडी तापायचा प्रश्नच नाही. हीटरचा पाइप गळत होता तो लूप करून टाकला, म्हणजे पाणी हीटरला न जाता परस्पर परत, रेडिएटरच्या फॅनला डायरेक्ट वायर ओढून डॅशबोर्डखाली स्विच बसवला, घरात दिव्याला असतो तसला. 800 रुपये. मी खुशीत दिले.

पुण्याहून गुहागरला जाताना काही कळलंच नाही. खंबाटकी पहाटे 5 ला, कुंभार्लीत सगळा उतार. टेंपरेचरचा काटा वर यायलाच तयार नव्हता आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं! इंजिन थंड चाललं की डिझेल जास्त पितं हे आता कळतंय. गुहागर मस्त, नेहमीसारखं, पुढे चला.

परतीला दुपारचे 2, चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू. पोफळी सोडली की खरा चढ लागतो आणि आमच्या पुढे लोड ट्रक, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चाललोय, ओव्हरटेकला जागा नाही. काटा चढायला लागला. फॅनचा स्विच ऑन होता म्हणून मी निर्धास्त. जुना उपाय म्हणून एसी बंद करून हीटर फुल केला (तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो) तर साधी हवा, मग आठवलं, लूप केलाय ना! तेवढ्यात काटा झपकन खाली. मी म्हटलं चला, सुटलो, आणि अजून तीन वळणं मारली.

ती तीन वळणं महागात पडली. पाणी उडालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. तापलेल्या गाडीचा काटा चढावर अचानक पडला तर जागा दिसेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, पुढच्या वळणावर बघू वगैरे नको.

बॉनेट उघडलं तर फॅनची वायर वितळून चिकटलेली. बारीक वायर, ना रिले ना फ्यूज. मी रेडिएटरची कॅप उघडायला गेलो तर मागून आलेल्या ट्रकवाल्या काकांनी हातच धरला. कुकरची शिट्टी काढता का गॅसवर असताना? तासभर थांबा, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी तर अजिबात ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकतं.

टोइंगवाल्याने पाटणपर्यंत 6,500 घेतले. घाटात दुपारी अडकलात की भाव तोच ठरवतो, आधी आकडा बोलून घ्या. हेडखालची गॅस्केट (सील) उडाली होती, पाणी मिसळून ऑइल दुधाच्या चहासारखं, हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) धरून 31,000.

पुण्यात दुसऱ्या मेकॅनिकने नीट समजावलं. ह्या इंजिनात वॉल दोन कामं करतो, गरम झालं की रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि बायपास (रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारा रस्ता) बंद करतो. वॉलच नसेल तर बायपास कायम उघडा, बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात. सपाटीला खपून जातं, घाटात नाही. वॉल बिघडलाय असं कोणी म्हटलं तर पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून बघा, उघडला नाही तर नवीन बसवा, मला 900 ला मिळाला. आणि नळाचं पाणी नको, कूलंटच भरा.

पहिल्या गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाला, "वॉल काढल्यावर गाडी तापतच नाही दादा, तुम्ही रेस जास्त दिली असणार."