चुंबळीवरची वाइन

इटालियन हॉटेलाच्या कोनाड्यात एक गोलपोटी बाटली हटकून असते. कमरेपर्यंत गवत, मानेत खोचलेली मेणबत्ती, अंगभर ओघळून थिजलेलं मेण. बघणाऱ्याला वाटतं, गवत शोभेचं आहे. बाटली अस्सल असेल तर ते गवत सोडवून ती टेबलावर ठेवून पाहावी. लगेच लवंडेल. तिला बूडच नाही.

हा इटलीतल्या तोस्काना प्रांताचा वाइनचा फियास्को. फुंकनळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकलं की आपसूक होतो तो फुगाच. त्याला सपाट बूड करायचं तर आणखी एकदा तापवा, दाबा, आणि एवढं करून कडेच्या वळणावर काच कमीजास्त जाडीची राहते. निवताना तडा जातो तो तिथंच. गोल पोटाला असला कोपराच नसतो, त्यामुळे पातळ काचेत भागतं आणि जळणही वाचतं. एम्पोली आणि वाल्देल्साच्या भट्ट्यांनी बाटली गोलच ठेवली आणि तिला उभं करण्याचं काम गवतावर सोपवलं.

या गवताला पेंढा म्हटलेलं मला खपत नाही. ते पाणथळीतलं लांब पात्याचं गवत. कापून उन्हात वाळवायचं, गंधकाची धुरी देऊन उजळ करायचं आणि विणण्याआधी पुन्हा ओलं करायचं. कोरडं पातं वळणावर मोडतं. आधी पात्यांचा पीळ घालून जाड कडं करायचं. माठाखाली आपण ठेवतो ती चुंबळ डोळ्यांपुढे आणा, फक्त ही बाटलीला कायमची बांधलेली. मग पोटाभोवती पात्यांचे फेरे आणि त्यांना उभ्या दोऱ्यांनी आवळणं. वीण सैल राहिली की बाटली आत फिरते आणि चुंबळीतून सरकते. हे काम बायकांचं, घरी किंवा अंगणात बसून, नगावर पैसे. त्यांना फियास्काइए म्हणत. काच फुंकणाऱ्याच्या कसबाचं कौतुक सगळे करतात. विणणारीच्या बोटांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

गवत नुसतं पायाचं काम करत नव्हतं. गाडीवर बाटल्यांचे मनोरे रचले तरी काचेला काच लागत नसे. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये गिरलांदायो या चित्रकारानं 1485 ते 1490 या काळात भित्तिचित्रं केली. त्यांतल्या बाप्टिस्ट योहानाच्या जन्माच्या चित्रात डोक्यावर फळं घेतलेली एक दासी आहे, तिच्या हातात अशाच वेष्टण घातलेल्या बाटल्या लोंबताहेत. वेष्टणाला धरून त्या एका हातात नेता येतात, हे चित्रकारानं नेमकं टिपलंय.

जिथं झाकलेलं, तिथं लबाडी आलीच. 1574 मध्ये सरकारनं फियास्कोचं माप ठरवलं : मेझ्झो क्वार्तो, म्हणजे सुमारे 2.28 लिटर. पुढे खात्रीसाठी वेष्टणावर शिशाचा शिक्का आला. मग काय, शिक्क्यासकट गवत उतरवून लहान बाटलीला चढवायचं! शेवटी शिक्का काचेवर आला, आणि तो दिसावा म्हणून गवताला खांद्यावरून खाली सरकावं लागलं. त्या उघड्या खांद्यांचं आपण आज सौंदर्य म्हणून कौतुक करतो.

आता बूच. पातळ मानेला ठोकून बसवलेलं बूच सोसत नाही, चिरते. म्हणून वाइनवर ऑलिव्ह तेलाचा थर देत. मान अरुंद असल्यानं तेल लागतं किती? 2 सेंटिमीटर व्यासाच्या मानेत 1 सेंटिमीटर थराला जेमतेम 3 मिलिलिटर. हवा बंद, खर्च नगण्य. पण बाटली हिंदकळली की थर फुटतो आणि तेल वाइनमध्ये शिरतं. पिण्याआधी ते तागाच्या बोळ्यानं टिपायचं, नाहीतर मनगटाला झटका देऊन पहिला घोट जमिनीवर उडवायचा. गाडीतून जवळच्या गावी न्यायला हे ठीक. समुद्रापार नाही.

1860 मध्ये पोंतास्सिएव्हेच्या लाबोरेल मेलिनी यांनी जाड, बुचाचा दाब सोसणारा फियास्को आणला, आणि कियांती, तोस्कानाची ही तांबडी वाइन, जगभर निघाली. एक खोट मात्र उरलीच. गोल, गवतात बसलेली बाटली आडवी रचून ठेवता येत नाही. उभ्या बाटलीतलं बूच वाळतं, आकसतं, हवा आत शिरते. ओल्या तळघरात गवताला बुरशी लागते ती वेगळीच. त्यामुळे फियास्को हा लवकर प्यायच्या वाइनचा. वर्षानुवर्षं मुरवायची तिला खांदेदार बोर्दो बाटलीच हवी. विसाव्या शतकात विणकाम महाग झालं, गवताच्या जागी प्लॅस्टिक आलं, आणि चांगल्या कियांतीनं हा वेश टाकला. माझ्या मते तो प्लॅस्टिकचा अवतार पाहूनच टाकला असावा. गोव्यात फेणीचा विणीत गुंडाळलेला गराफाँव, म्हणजे काचेचा बुधला, ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दुःख कळेल.

मेणबत्तीची हौस त्यानंतरही टिकली. सुकं गवत आणि पेटती वात एवढ्या जवळ ठेवायचं धाडस हॉटेलवालेच करोत.

रिकाम्या फियास्कोचा खरा उपयोग तोस्कानाच्या चुलीपाशी आहे. गवत सोडवायचं, भिजवलेले पांढऱ्या घेवड्याचे दाणे, पाणी, ऑलिव्ह तेल, लसूण आणि सेजची पानं आत घालायची. काठोकाठ भरायचं नाही, दाणे आणखी फुगतात. तोंड घट्ट बंद करायचं नाही, वाफेला वाट हवी. आणि जाळ लागू न देता गरम राखेत तासन्‌तास ठेवायचं. थेट जाळावर ठेवली तर काच तडकते आणि दाणे राखेत. शिजल्यावर बाटली उपडी करून हलवत हलवत दाणे बाहेर काढावे लागतात. त्या कामाला घाईचा माणूस बसवू नये.